बिनपराक्रमी भाऊबंद

डायनोसॉर नसण्याचं दुःख काय असतं, ते डायसिनोडॉन्टला विचारावं. या मंडळींनी पृथ्वीवर जवळपास सहा कोटी वर्षं काढली. उंदीर-घुशीपासून हत्तीपर्यंत सगळ्या मापांची अंगं धरून पाहिली. अंटार्क्टिकापासून रशियापर्यंत पाला ओरबाडला. जीवसृष्टीवर आजवर आलेलं सगळ्यात मोठं संकट पचवलं. आणि एवढं करून आज परिस्थिती अशी की, त्यांच्या नावाचं एक रबरी खेळणं आणायचं म्हटलं तर दुकानदार आपल्याकडेच संशयानं बघतो.

खेळण्यांच्या पाकिटात डायनोसॉर म्हणून जी दहा-बारा जनावरं कोंबलेली असतात, त्यांत पाठीवर शीड उभारलेला डायमेट्रोडॉन हटकून असतो. खरं तर तो डायनोसॉर नव्हे. पहिला डायनोसॉर जन्माला यायच्या काही कोटी वर्षं आधीच तो आटोपला होता. तो आपल्या बाजूचा, सस्तन प्राण्यांच्या घराण्यातला. पण दिसायला भारदस्त, त्यामुळे त्याला पाकिटात घुसायला मिळालं. लग्नाच्या पंगतीत टापटीप कपड्यांतल्या माणसाला 'तुम्ही कुणाकडचे' असं कोणी विचारत नाही, तसं. डायसिनोडॉन्टकडे ना शीड, ना नखं, ना कुणाचा पाठलाग करण्याची हौस. कासवासारखी चोच, पिंपासारखं पोट, आखूड पाय, बोटभर शेपटी आणि वरच्या जबड्यातून खाली आलेले दोन सुळे. असल्या ध्यानाला पंगतीत कोण बसवणार?

तरी नातं टाळता येत नाही. ३१-३२ कोटी वर्षांपूर्वी जमिनीवर अंडी घालणाऱ्या प्राण्यांच्या दोन वाटण्या झाल्या. एका वाटणीतून पुढे पाली, साप, मगरी, डायनोसॉर आणि पक्षी आले. दुसऱ्या वाटणीतून, पुष्कळ वळणं घेऊन, आपण आलो. आपल्या वाटणीची खूण म्हणजे कवटीत डोळ्यामागे, दोन्ही बाजूंना एकेक भोक. पुरावा हवा असेल तर कानशिलावर बोट टेकवून दात दाबून बघा. बोटाखाली जो स्नायू फुगतो, तो त्या जुन्या भोकाच्या जागीच मुक्कामाला आहे. डायसिनोडॉन्टच्या कवटीत हे भोक चांगलं प्रशस्त होतं आणि त्यात जबड्याचे दांडगे स्नायू भरलेले असत. म्हणजे चावण्याच्या बाबतीत आपण एका घरातले.

पण सख्खे नाही, चुलत. हा मुद्दा आधीच स्पष्ट केलेला बरा, कारण 'सस्तन प्राण्यांचे पूर्वज' म्हणून यांची ओळख करून देण्याची एक सवय पडून गेली आहे. ते आपले पूर्वज नव्हेत. आपली पाती सायनोडॉन्ट नावाच्या दुसऱ्या भावाची. डायसिनोडॉन्ट हे आपले चुलते, आणि पुढे वंश न चाललेले. आपल्याकडच्या वंशावळींत अशा चुलत्यांचं काय होतं, ते ठाऊक आहेच. मूळपुरुषापासून आपल्यापर्यंतची रेघ ठळक, बाजूच्या फांदीवर एखादं नाव आणि त्यापुढे 'निर्वंश' असा शेरा. त्या चुलत्यानं हयातीत कितीही जमीन कसली असो, शेरा तेवढाच.

या घराण्याचा शोध एका रस्ते बांधणाऱ्यानं लावला. अँड्र्यू गेडेस बेन हा स्कॉटलंडचा माणूस १८१६ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या केप वसाहतीत आला. आधी त्यानं घोड्यांची खोगिरं शिवली, मग व्यापार केला, मग डोंगर फोडून रस्ते काढायला लागला. चार्ल्स लायेलचं भूगर्भशास्त्रावरचं पुस्तक हाती पडलं आणि त्याला दगडांचं वेड लागलं. रस्त्यासाठी सुरुंग लावायचा आणि उडालेल्या खडीत हाडं शोधायची. १८३८ मध्ये फोर्ट बोफर्टजवळ त्याला पहिला मोठा ठेवा सापडला. दोन सुळ्यांची एक विचित्र कवटी. बेननं आपल्या परीनं या प्राण्यांना 'द्विदंती' अशा अर्थाचं नाव दिलं आणि खोकी भरून लंडनला रवाना केली. तिथे ती रिचर्ड ओवेन यांच्यापुढे उघडली. हेच ओवेन, ज्यांनी १८४२ मध्ये डायनोसॉर हे नाव घडवलं. तीनच वर्षांनी, १८४५ मध्ये, त्याच लेखणीनं त्यांनी आमच्या मंडळींचं डायसिनोडॉन असं बारसं केलं. एकाच भटजीनं तीन वर्षांच्या अंतरानं नावं ठेवलेली दोन पोरं. एकाच्या नावावर सिनेमे निघाले, दुसऱ्याचं नाव उच्चारताना जीभ अडखळते.

अर्थात, बेनच्या आधी त्या हाडांकडे कुणी पाहिलंच नव्हतं असं नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या कारू नावाच्या माळरानावर वाऱ्यापावसानं खडक झिजतो आणि कवट्या आपोआप उघड्या पडतात. तिथले सान लोक हजारो वर्षं त्या माळावर हिंडत होते. फ्री स्टेट प्रांतातल्या ला बेल फ्रान्स नावाच्या शेतावर त्यांनी रंगवलेलं एक भित्तिचित्र आहे. त्यात लांबोडक्या अंगाचा एक प्राणी आहे आणि त्याला खाली वळलेले दोन सुळे आहेत. असे सुळे असलेलं कोणतंही जनावर आज त्या मुलखात नाही. चित्र १८३५ च्या पुढचं नाही. २०२४ मध्ये ज्युलियन बेन्वा या जीवाश्मतज्ज्ञानं मांडणी केली की, हे चित्र डायसिनोडॉन्टच्या कवट्या पाहूनच सुचलेलं असावं. तसं असेल तर ओवेनच्या किमान दहा वर्षं आधी हा प्राणी कागदावर नसला तरी दगडावर नोंदला गेला होता. आणि सान लोकांनी त्याला पाऊस आणणाऱ्या प्राण्यांत जागा दिली असावी, असंही बेन्वा सुचवतात. ओवेननं त्याला पालीच्या डोक्याचा ठरवलं होतं. दोन्हींपैकी मानाचं कोणतं, हे सांगायला नको.

पुढे या हाडांचं सस्तन प्राण्यांशी नातं पक्कं करण्यात रॉबर्ट ब्रूम या डॉक्टरांचा मोठा हात. हेही स्कॉटिश. कारूच्या रणरणत्या उन्हात काळा सूट आणि कडक कॉलर घालून ते जीवाश्म शोधत फिरत. उन्हाचा कडाका फारच वाढला की सगळेच कपडे उतरवून काम करत, असंही सांगतात. मधला मार्ग त्यांना मान्य नसावा.

आता या मंडळींच्या जेवणाकडे वळू, कारण सगळी मेख तिथेच आहे. बहुतेक डायसिनोडॉन्टांनी सुळे सोडून बाकीचे दात जवळपास टाकून दिले. एन्डोथायोडॉनसारख्या एखाद्यानं दातांच्या ओळी जपल्या, पण घराण्याची रीत दात काढून चोच बसवण्याची. जबड्याच्या कडांवर शिंगासारख्या पदार्थाची टणक चोच. खालचा जबडा पुढेमागे सरकणारा. तोंड उघडलं की खालचा जबडा पुढे, मग मिटता मिटता जोरानं मागे ओढायचा आणि त्या ओढीत पाला चिरडून काढायचा. विळीवर भाजी चिरताना आपण जी हालचाल करतो, ती यांच्या तोंडातच बसवलेली होती. त्यामुळे टणक देठं, मुळं, नेचे, जे समोर येईल ते चालायचं. झाडपाल्यावर जगणं हे तेव्हाच्या जमिनीवर सोपं काम नव्हतं. पानातला तंतू पचवायला मोठं पोट लागतं, पोटात जिवाणूंचा कारखाना लागतो आणि दिवसभर तोंड चालू ठेवायची चिकाटी लागते. ही तिन्ही यांच्याकडे होती.

सुळ्यांची गोष्ट त्याहून नवलाची. हत्तीचे, वॉलरसचे, रानडुकराचे सुळे आपल्या ओळखीचे. सतत वाढणारा, वरून एनॅमल नसलेला असा खराखुरा सुळा पृथ्वीवर पहिल्यांदा उगवला तो डायसिनोडॉन्टच्या तोंडात, असं २०२१ मधल्या एका अभ्यासानं दाखवलं. नंतर सस्तन प्राण्यांनी तीच युक्ती पुन्हा शोधली. पेटंटचे पैसे चुलत्यांना मिळाले नाहीत ते सोडा, कुणी साधं नावही घेतलं नाही.

या सगळ्यांत माझा जीव जडलाय तो डायइक्टोडॉनवर. हा हातभर लांबीचा, दंडगोल अंगाचा आणि आखूड पायांचा. २६-२५ कोटी वर्षांपूर्वी कारूत हे भरमसाठ संख्येनं राहत. रॉजर स्मिथ या भूवैज्ञानिकाला नदीकाठच्या जुन्या गाळाच्या खडकात त्यांची बिळं सापडली. बीळ सरळ खाली जात नाही. गोल गोल जिन्यासारखं वळत जातं आणि तळाशी एक खोली उघडते. त्या खोलीत काही ठिकाणी डायइक्टोडॉनचे सांगाडे अंगाचं मुटकुळं केलेल्या अवस्थेत मिळाले. काही खोल्यांत दोन, एकमेकांना खेटून. काहींना सुळे असतात, काहींना नसतात. सुळेवाले बहुधा नर. पुरात गाळ आत शिरला असेल, किंवा झोपेतच काही झालं असेल. बीळ भरलं, वर थर चढत गेले आणि जिना दगडाचा झाला. बिनसुळ्याची ती अशी बाजूला पडलेली पाहिली की मला वाटतं, वर पाऊस वाजत असताना खाली या दोघांचा काय संवाद होत असेल? बहुधा काहीच नाही. इतक्या कोटी वर्षांचा संसार म्हटला की बोलायचे विषय संपतातच.

त्या काळात सगळा दक्षिण भाग गोंडवनात जोडलेला होता. भारत, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, अंटार्क्टिका एकाच सातबाऱ्यावर. गोंडवन हे नावही आपल्या मध्य भारतातल्या गोंडांच्या मुलखावरून गेलेलं. या भूखंडावर ग्लॉसोप्टेरिस नावाच्या झाडांची रानं होती. जिभेच्या आकाराचं पान, मध्ये ठसठशीत शीर. नागपूरजवळच्या कामठीच्या दगडांत ही पानं उमटलेली मिळतात. चंद्रपूर-वणीकडे जमिनीखाली जो कोळसा आहे, तो याच झाडांच्या जुन्या रानांचा, डायसिनोडॉन्टच्याही आधीच्या पिढ्यांचा. म्हणजे त्यांच्या घरात जेवणाला लागायचा तो पाला, आणि आपल्या घरी ज्यावर पंखा फिरतो तो कोळसा, हे दोन्ही एकाच खानदानाच्या झाडांचं.

मग २५ कोटी २० लाख वर्षांपूर्वी सैबेरियात जमीन फाटली. ज्वालामुखी म्हणावं तर एक डोंगर डोळ्यांपुढे येतो. इथे देशाएवढ्या मुलखावर लाव्हा पसरत राहिला, तोही लाखो वर्षं. खालचा कोळसा पेटला. कार्बन डायऑक्साइड हवेत, गरमी आकाशाला, समुद्र आंबट. समुद्रातल्या दहापैकी आठ-नऊ जाती संपल्या. ग्लॉसोप्टेरिसची रानं गेली. आणि डायसिनोडॉन्टांतही पडझड अशी झाली की एवढं मोठं घराणं हाताच्या बोटांवर आलं.

वाचलेल्यांत नाव घेण्यासारखा एक लिस्ट्रोसॉरस. डुकराएवढा, खाली झुकलेल्या थोबाडाचा, एकूणच ओशाळल्यासारखा दिसणारा प्राणी. हा वाचला एवढंच नाही, तर काही काळ त्यानं कारूचा माळच भरून टाकला. काही थरांत जीवाश्म शोधायला गेलं की लिस्ट्रोसॉरसच लिस्ट्रोसॉरस. तज्ज्ञ मंडळी हाडांकडे बघून 'हा पुन्हा तोच' म्हणत पुढे जातात. जमिनीवर एकाच जातीच्या चतुष्पादाचं एवढं राज्य त्याआधी कधी झालेलं नव्हतं. आणि राज्यावर होता कोण, तर हा.

तो का वाचला, यावर पुष्कळ विचार झाला. बिळात राहायची सवय, खाण्यात नखरे नाहीत, छाती मोठी म्हणून विरळ हवेतही श्वास चालतो, अशी कारणं पुढे आली. पण जेनिफर बोथा-ब्रिंक यांनी २०१६ मध्ये हाडांतल्या वाढीच्या खुणा मोजून जे दाखवलं, ते मला सगळ्यात खरं वाटतं. संकटाआधी हे प्राणी १३-१४ वर्षं जगत. नंतर बहुतेक दोन-तीन वर्षांतच मरत. पण मरायच्या आधी लवकर पिल्लं घालत. दुष्काळात माणसं घाईघाईनं मुलींची लग्नं उरकून टाकतात, त्यातलाच प्रकार. फक्त इथे त्यांच्या घाईनं घराणं वाचलं. अंटार्क्टिकातल्या लिस्ट्रोसॉरसच्या सुळ्यांत थांबून थांबून वाढ झाल्याच्या खुणा आहेत. झाडाच्या खोडात वलयं असतात तशीच, पण मध्येच वाढ अगदी मंदावलेली. २०२० मध्ये मेगन व्हिटनी आणि ख्रिश्चन सिडर यांनी त्याचा अर्थ असा लावला की, दक्षिण ध्रुवाजवळचा लांब अंधारा हिवाळा तो सुस्तावून, जवळजवळ झोपूनच काढत असावा. संकटात काय करावं, याचा त्याचा विचार अगदीच साधा होता. थोडं खा, लवकर संसार करा, जमलं तर झोपा.

सगळेच सुखरूप सुटले असं मात्र नाही. २०२२ मध्ये कारूतून लिस्ट्रोसॉरसच्या पिल्लांचे असे सांगाडे वर्णन करून छापले गेले, ज्यांवर कातडी वाळून चिकटलेली, खडबडीत आणि बिनकेसांची. चारी पाय पसरलेले. दुष्काळात आटलेल्या पाण्याजवळ येऊन ही पिल्लं तिथेच बसली आणि उठली नाहीत. मराठवाड्यातल्या कुठल्या तरी तलावाच्या भेगाळल्या तळाशी वाळलेलं जनावर ज्यानं बघितलं असेल, त्याला या चित्राचं वेगळं वर्णन लागणार नाही.

लिस्ट्रोसॉरसनं मेल्यानंतर एक मोठं काम केलं. ते त्याच्या ध्यानीमनी नसावं. दक्षिण आफ्रिकेतल्या जातीचाच प्राणी आपल्याकडे, बंगालमधल्या राणीगंजच्या कोळसाक्षेत्रातल्या पांचेतच्या खडकांत सापडतो. थॉमस हेन्री हक्सलेनं १८६५ मध्ये तिथल्या हाडांचं वर्णन छापलं होतं. मग १९६९ मध्ये अंटार्क्टिकातल्या कोलसॅक ब्लफ या टेकाडावर हाडं सापडली आणि एडविन कोल्बर्ट यांनी ती ओळखली: लिस्ट्रोसॉरस. हा प्राणी पोहणारा नाही, समुद्र ओलांडून जाणारा तर मुळीच नाही. बंगाल, आफ्रिका आणि अंटार्क्टिका या तिन्ही ठिकाणी तो चरायला पायीच गेला असणार, म्हणजे तेव्हा तिथे जमीन एकसंध असणार. भूखंड सरकतात यावर जे अजून नाक मुरडत होते, त्यांना या ओशाळ्या प्राण्यानं गप्प केलं. कोल्बर्ट तेव्हा चौसष्ट वर्षांचे होते. या कोल्बर्टचं नाव आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातही एका हाडांच्या ढिगावर आहे. डोंगरगावच्या टेकडीवरचा लांबमान्या डायनोसॉर आयसिसॉरस कोल्बर्टी, हा त्यांच्याच नावाचा. लिस्ट्रोसॉरसनं कोल्बर्टना अंटार्क्टिकात गाजवलं आणि मानाची आठवण शेवटी डायनोसॉरच्या नावावर गेली. असंच होतं.

नाव ठेवण्याच्या बाबतीत आपल्या शास्त्रज्ञांनी मात्र आमच्या मंडळींचा आब राखला आहे. आपल्या विदर्भातून वर्धा-वैनगंगा एकत्र येऊन जी प्राणहिता होते, ती गडचिरोलीच्या कडेनं वाहत सिरोंच्यापाशी गोदावरीला मिळते. नदीच्या या काठी महाराष्ट्र, त्या काठी तेलंगण. या प्राणहिता-गोदावरी खोऱ्यातला एन्डोथायोडॉन कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या मंडळींनी अभ्यासला आणि त्याला महालनोबिसांचं नाव दिलं. पंचवार्षिक योजनेवर आकडेमोड करणारा माणूस आणि पाल्यावर जगणारा एक प्राणी, दोघेही जपून साठवून खाणारे. त्याच खोऱ्यातला, थोडा नंतरच्या काळातला, वाडियासॉरस. भूवैज्ञानिक दाराशा नौशेरवान वाडिया यांच्या नावाचा. लाल चिखलाच्या खडकात त्याची हाडं एकाच जागी अनेक जनावरांची मिळाली, बहुतेक माद्या आणि अर्धवट वाढलेली पिल्लं. त्यावरून असा निष्कर्ष काढला गेला की माद्या-पिल्लांचा कळप एकत्र फिरत असावा आणि मोठे नर वेगळे, एकेकटे. संबंध येई तो फक्त विणीच्या हंगामात. पुरुष मंडळींना घरच्या जबाबदारीतून पळ काढण्याची परंपरा किती जुनी आहे, याचा हा पुरावा मानायचा की नाही, ते ज्यानं त्यानं ठरवावं.

कळपानं राहण्याचा एक पुरावा मात्र कुणी नाकारू शकत नाही, आणि तो फार खाजगी आहे. अर्जेंटिनाच्या ला रिओहा प्रांतात, चान्यारेस नावाच्या थरात, २०१३ मध्ये शास्त्रज्ञांनी जगातली सगळ्यात जुनी सार्वजनिक शौचालयं जाहीर केली. साधारण २४ कोटी वर्षांपूर्वीची. दगड झालेल्या विष्ठेचे गोळे, काही पस्तीस सेंटिमीटर रुंद, पांढुरके, राखाडी, जांभळट. काही ठिकाणी एका चौरस मीटरमध्ये ९४. हे सारं डायनोडोन्टोसॉरस नावाच्या मोठ्या डायसिनोडॉन्टांनी ठरावीक जागी येऊन केलेलं. आमच्या गावांत संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान यायला नवं सहस्रक उजाडावं लागलं. चुलत्यांनी ते आधीच अंमलात आणलेलं. एका जागी जायचं कारण असं सांगतात की, त्यानं जंत इतरत्र पसरत नाहीत, कळपात कोण आलं-गेलं कळतं आणि शिकाऱ्याला इशाराही मिळतो. आजही नीलगाय हेच करते. विदर्भाच्या शेतांत बांधाला लागून लेंड्यांचा ढीग दिसला की शेतकरी समजतो, रोहींचा मुक्काम आहे.

या विषयात महाराष्ट्रही मागे नाही, हे जाता जाता सांगितलं पाहिजे. वरोऱ्याजवळच्या पिसदुऱ्याला डायनोसॉरची दगडी विष्ठा गोळ्यागोळ्यांनी मिळते. २००५ मध्ये त्यात गवताचे सूक्ष्म कण सापडले आणि डायनोसॉरच्या काळात गवत होतं हे कळलं. म्हणजे डायनोसॉरांच्या बाबतीत शेणाचीही बातमी होते. बाकीचं सोडाच.

मोठमोठ्या शौचालयांच्या काळानंतर हळूहळू उतार लागला. आता डायनोसॉर आले. त्यांच्यातले पाला खाणारे लांब मानेचे, झाडाच्या शेंड्यापर्यंत पोचणारे, दोन पायांवर उभे राहणारे. हवामान पुन्हा पुन्हा बदललं, झाडं बदलली. डायसिनोडॉन्ट कुठे कुठे उरले. अॅरिझोनात सेंट जॉन्सजवळ प्लासेरियसचे जवळपास चाळीस प्राणी एकाच खाणीत मिळाले आहेत. अर्जेंटिनातले काही मोठे झाले, मग गेले. एकाच दिवशी दारावर टाळं पडलं असं झालं नाही. एकेका गावातून एकेक घर बंद होत गेलं, आणि 'त्यांच्यात आता कोण राहतं?' असं कुणी विचारलं तेव्हा शेजाऱ्यांनाही नीट सांगता आलं नाही.

याच काळात आपल्या पातीनं काय केलं? आपली पाती लहान होत गेली. सायनोडॉन्टांचे वंशज आकसत आकसत चिचुंद्रीएवढे झाले. रात्री बाहेर पडायचं, किडे खायचे, दिवसा दगडाखाली दडायचं. मिशा, तीक्ष्ण कान, सतत घाबरलेला चेहरा. घराण्याचा मोठेपणा सांभाळायची जबाबदारी आली ती चुलत्यांवर.

आणि त्यांनी ती शेवटी शेवटी अशी सांभाळली की बोलायची सोय नाही. पोलंडमधल्या लिसोवित्से गावाजवळच्या विटांच्या मातीच्या खाणीत एक डायसिनोडॉन्ट सापडला. टोमाश सुलेय आणि ग्झेगोश न्येद्झव्येद्झ्की यांनी २०१८ च्या शेवटी त्याची माहिती जाहीर केली. साडेचार मीटर लांब, अडीच मीटरहून उंच, वजन आधी नऊ टन म्हटलं गेलं, नंतर कुणी तराजू नीट धरून ते सहाएक टनांवर आणलं. तरी हत्तीच. बाकीच्या डायसिनोडॉन्टांचे पुढचे पाय बाजूला फाकलेले असत. याचे चारी पाय अंगाखाली सरळ, हत्तीसारखे. सुमारे २१ ते २०.५ कोटी वर्षांपूर्वी, डायनोसॉर मोठे व्हायला लागले त्याच सुमारास, हा लिसोविचिया त्यांच्या बरोबरीनं उभा होता. एवढा प्रचंड शाकाहारी सस्तन वंशात पुन्हा व्हायला त्यानंतर कित्येक कोटी वर्षं जावी लागली. त्याच परिसरात डायसिनोडॉन्टांची काही हाडं दातांच्या खुणा असलेली मिळतात. चावणारा बहुधा स्मोक वावेल्स्की, पाचएक मीटरचा एक शिकारी, क्रॅकोच्या वावेल टेकडीवरच्या दंतकथेतल्या ड्रॅगनच्या नावाचा. म्हाताऱ्या जमीनदाराच्या वाड्याला शेवटी सावकार लागला, तसं काहीसं. लिसोविचियानंतर या घराण्यातलं कुणी विश्वासानं दाखवता येत नाही.

विश्वासानं म्हणतो, कारण मध्ये एक मोठी गंमत झाली. १९१४ मध्ये ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडच्या एका माळावर कवटीचे सहा तुकडे सापडले होते. ते तिथल्या संग्रहालयात जाऊन पडले आणि सगळे विसरले. २००३ मध्ये थुलबॉर्न आणि टर्नर या दोघांनी ते बाहेर काढून पाहिले आणि सांगितलं की हा डायसिनोडॉन्ट आहे आणि तो क्रिटेशस काळातला, जवळपास दहा-साडेदहा कोटी वर्षांपूर्वीचा आहे. म्हणजे सगळे गेले असं वाटत होतं, तेव्हा ऑस्ट्रेलियातल्या कुठल्या तरी आडवळणाच्या गावी चुलते आणखी दहा कोटी वर्षं सुखानं राहत होते! बातमी वाचून किती आनंद झाला म्हणून सांगू. घराण्यातला कुणीतरी मेला असं ऐकून श्राद्ध घालून मोकळं व्हावं आणि अचानक त्याची कुठल्या तरी दूरच्या गावची पेन्शन चालू असल्याचं कळावं.

पण २०१९ मध्ये एस्पेन नुट्सेन आणि एमा ओर्लेमन्स यांनी हाडांची आणि त्यांतल्या मूलद्रव्यांची नव्यानं तपासणी केली. हाड क्रिटेशसचं नव्हे, फार तर काही लाख वर्षं ते पन्नासएक लाख वर्षांपूर्वीचं निघालं. आणि प्राणीही डायसिनोडॉन्ट नव्हे, तर डायप्रोटोडॉनच्या कुळातला: वोंबॅटच्या नात्यातला, पिशवीत पिल्लं वाढवणारा मोठा प्राणी. पिशवी असली तरी सस्तनच. तेव्हा सोळा वर्षं चुलत घराण्याच्या नावावर लागलेली ती मिळकत फेरफार होऊन शेवटी आमच्याच पातीच्या सातबाऱ्यावर चढली. हरकत घ्यायला पलीकडून कोणी आलं नाही.